रीफ टँकमध्ये न बोलावता आलेला खेकडा: आधी ओळख, मग बीळ, मग चिमटा

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल ठेवलेले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय. लाइव्ह रॉक (समुद्री जीव वसलेला सच्छिद्र दगड), कोरलची मोठी वसाहत किंवा साधा एक फ्रॅग, म्हणजे कोरलचा तोडलेला तुकडा, टाकीत घातला, की त्याच्या भोकाभोकांतून बरेच काही आत येते. त्यातला खेकडा सगळ्यात जास्त डोके खातो. दिवसा दिसत नाही, रात्री दिसला तर पळतो, आणि एकदाचा काढला म्हणावे तर दोन महिन्यांनी पुन्हा तेच. हा त्रास पुन्हा पुन्हा होतो तो बहुतेक दोन चुकांमुळे. एक तर निरुपद्रवी खेकड्याच्या मागे लागलेले असतात. नाहीतर खऱ्या उपद्रवी खेकड्यासाठी टाकीभर हात फिरवलेला असतो, पण तो कुठल्या दगडातल्या कुठल्या भोकात राहतो हे कोणी बघितलेलेच नसते. शोधायचे ते बीळ. ते कळले की उरलेले काम एका बादलीचे आहे.

लक्षणे

गोगलगायी कमी होऊ लागणे हे बहुधा पहिले लक्षण. वाळूवर पडलेला रिकामा शंख उचलून तोंडाची कड नीट बघा. कड कातरल्यासारखी, तुकड्या-तुकड्याने मोडलेली असेल तर खेकड्याने नांगीने मोडत आत वाट काढली आहे. शंखाच्या पोटाला ठोसा मारल्यासारखे एकच भोक असेल तर खेकड्याऐवजी मँटिस श्रिंपचा, म्हणजे ठोसा मारून शिकार फोडणाऱ्या कोळंबीसारख्या प्राण्याचा, संशय घ्या. शंख अखंड आणि आतून स्वच्छ असेल, तर गोगलगाय आपली आपण मेली आणि रिकाम्या शंखांत राहणाऱ्या हर्मिट खेकड्यांनी ती साफ केली, ही शक्यता जास्त.

झोअँथस या गुच्छाने वाढणाऱ्या, कोरलसारख्या प्राण्याची काही तोंडे (पॉलिप) देठापासून छाटल्यासारखी गायब होतात. मांसल कोरलच्या एकाच कडेचा मांसल भाग रातोरात फाटतो आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा पडतो. सगळे नुकसान एकाच दगडाच्या वीतभर परिसरात होत असेल तर खेकड्याचा संशय पक्का होतो. टाकीभर विखुरलेले असेल तर आधी पाणी तपासा. एखाद्या भोकाच्या तोंडाशी रोज सकाळी वाळूचा नाहीतर शंखांच्या तुकड्यांचा छोटा ढीग दिसणे हेही लक्षण आहे, आणि हे सहसा चुकत नाही.

मासा नाहीसा झाला म्हणून लगेच खेकड्यावर आळ घेऊ नका. मासे उडी मारून बाहेर पडतात, आजाराने मरतात, आणि सकाळी त्यांच्या कलेवरावर खेकडा बसलेला दिसतो. झोपलेला छोटा गोबी धरण्याइतका मोठा खेकडा असतो, नाही असे नाही, पण तो सहसा आधी गोगलगायींवर हात चालवतो.

रात्री टाकीतून टकटक किंवा चुटकी वाजल्यासारखा आवाज येत असेल तर तो खेकडा नाही. पिस्तूल श्रिंप किंवा मँटिस श्रिंप असेल.

आणि सकाळी वाळूवर 'मेलेला खेकडा' दिसला तर हायसे वाटून घेऊ नका. बहुतेक वेळा ती टाकलेली कात असते. हातात घेऊन बघा: पाठीचे कवच मागच्या बाजूने डब्याच्या झाकणासारखे उघडते, आत काही नसते, डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या असतात, घाण वास येत नाही. खरोखर मेलेल्या खेकड्याच्या आत मांस असते आणि काही तासांत त्याला दुर्गंधी सुटते. कात फेकू नका. नांग्या, पायांवरचे केस, कवचाचा आकार हे सगळे तिच्यात निवांत बघता येते; पळत्या खेकड्यात ते कधीच दिसत नाही. कागदावर वाळवा, कवचाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि तारीख लिहून ठेवा. हा आकडा पुढे दोनदा कामाला येतो.

तपासणी 1: लाल उजेडात बघा

फुकटची तपासणी ही, आणि बरेच जण हीच टाळतात. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बसवा. खेकड्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही; पांढरा झोत पडला की ते क्षणात आत. टाकीचे दिवे बंद झाल्यावर तास-दोन तासांनी, खोलीतलाही दिवा मालवून, संशयित दगडाजवळ वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा लांब काडीने ठेवा. प्रवाहाचे पंप दहा मिनिटे बंद केले तर पाणी स्थिर होते, दिसायला सोपे जाते. मुख्य पंप चालू राहू द्या.

आता तुकड्याकडे बघत बसू नका. तुकडा धरून खेकडा कुठे परत जातो ते बघा. बहुतेक आगंतुक खेकडे एकच बीळ धरून राहतात आणि खाणे घेऊन तिथेच शिरतात. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच कोनातून फोटो काढून त्यावर ते भोक खुणेने दाखवा. लागोपाठ दोन-तीन रात्री तेच भोक आले की नक्की समजा. भोकाचे तोंड कातीच्या रुंदीपेक्षा लहान असेल तर दगडाला मागून दुसरे तोंड आहे. तेही शोधून ठेवा, नाहीतर पुढच्या पायऱ्यांत खेकडा मागच्या दाराने जाईल.

तपासणी 2: हा कोण आहे?

घाई इथेच नडते. बघायच्या गोष्टी तीन: नांगीची टोके, पायांवरचे केस, आणि खेकडा नेमका कुठे बसला आहे.

'काळी टोके म्हणजे वाईट खेकडा' हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. टोकाच्या रंगापेक्षा टोकाचा आकार जास्त सांगतो. चमच्यासारखी खोलगट, बोथट टोके शेवाळ खरवडायला असतात. हिरव्या एमराल्ड खेकड्याच्या, म्हणजे मिथ्राक्युलस स्कल्प्टसच्या, नांग्या अशा असतात, आणि बुडबुड्यांचे शेवाळ म्हणजे व्हॅलोनिया खायला लोक तो मुद्दाम आणतात. जाड नांगी, टोकाला टोकदार आणि आतल्या बाजूला दातेरी असेल तर ती शंख फोडायची आणि मांस ओढायची आहे.

रुंद अंडाकृती कवच, एक नांगी दुसरीपेक्षा मोठी, टोके गडद, पायांवर दाट केस: हा छंदातल्या बोलीतला 'गोरिला खेकडा'. झँथिडी आणि पिलुम्निडी या कुळांतले अनेक खेकडे या एकाच नावाखाली येतात, त्यामुळे सगळे सारखे वागत नाहीत. नखाएवढा, सेंटिमीटरभराचा असेल तर तो बहुधा शेवाळ आणि पडलेले अन्न खात असतो, घाबरून रात्रीच दगड उपसायची गरज नाही. पण तो वाढतो, आणि अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीचा केसाळ, टोकदार नांग्यांचा खेकडा रीफ टाकीत ठेवायचा नाही. लहान असतानाच काढणे सोपे असते, कारण तेव्हा तो काचेच्या पेल्यात सहज येतो.

या झँथिडी कुळातल्या काही जातींच्या, उदाहरणार्थ झोसिमस एनियसच्या, अंगात सॅक्सिटॉक्सिन आणि टेट्रोडोटॉक्सिन असते आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. टाकीतून काढलेला कुठलाही खेकडा खायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही.

शेवटची पायांची जोडी वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो पोहणारा खेकडा, पोर्टुनिडी कुळातला. चपळ असतो आणि जिवंत शिकार धरतो. अपवाद म्हणजे समुद्रकाकडीवर किंवा अॅनिमोनवर राहणारा चिमुकला, नक्षीदार लिसोकार्सिनस, तो निरुपद्रवी. बाकीचा दिसला की पुढच्या परीक्षा न घेता सापळ्याकडे वळा.

ज्यांना हात लावायचा नाही ते आता. पोसिलोपोरा, स्टायलोफोरा, सेरिॲटोपोरा या कोरलच्या फांद्यांत गुळगुळीत, चकचकीत, बिनकेसांचा, कधी लाल ठिपक्यांचा खेकडा दिसला तर तो ट्रॅपेझिया. ॲक्रोपोरा या फांदीदार कोरलात त्याचा भाऊबंद टेट्रालिया असतो. हे सहसा जोडीने राहतात, कोरलचा चिकट स्राव खातात, फांद्यांतला गाळ झाडतात, आणि समुद्रात तर कोरल खाणाऱ्या 'काटेरी मुकुट' तारामाशाचे नळीपाय चावून त्याला हुसकावून लावतात. असा भाडेकरू स्वतःहून आला तर राहू द्यावा. तीन-चार सेंटिमीटरच्या फ्रॅगवर मोठा ट्रॅपेझिया बसला तर बुंध्याशी थोडी घासाघीस होते. त्याला मोठ्या वसाहतीत हलवले की ती थांबते. ट्रॅपेझिया फांद्या सोडून दगडावर फिरत नाही. तेव्हा वाळूवर भटकणाऱ्या खेकड्याला ट्रॅपेझिया समजून सोडून देऊ नका.

त्याच फांद्यांत सिमो वंशाचा खेकडा असू शकतो. त्याचे अंग मखमली, खडबडीत, मळकट पांढरे. सिमो मेलानोडॅक्टायलसची बोटे काळी असतात. ॲक्रोपोराच्या ज्या वसाहतीचा मांसल थर बुंध्याकडून पांढरा पडत वर सरकतो आहे तिथे हे सापडतात. गुळगुळीत तो राहील, मखमली तो जाईल, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

चपटे अंग, लांब मिशा, तोंडापाशी पंख्यासारखे केस हलवत पाणी गाळणारा आणि चालायच्या पायांच्या फक्त तीनच जोड्या दिसणारा म्हणजे पोर्सिलेन खेकडा. पूर्ण निरुपद्रवी. अंगावर स्पंज, शेवाळ, झोअँथसचे तुकडे डकवून फिरणारा डेकोरेटर खेकडा कोरल खाण्यापेक्षा सजावटीसाठी जास्त तोडतो, पण तुटायचे ते तुटतेच. मऊ कोरलची टाकी असेल तर तो काढावा.

तपासणी 3: खेकडा निर्दोष तर नाही?

चटकन उरकायची पायरी. खारटपणा 35 पीपीटी (हजारात 35 भाग), तापमान 25 ते 26 अंश, अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच आणि दिवसागणिक स्थिर, कॅल्शियम 400 ते 450, मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम. यातले काही हलले असेल तर कोरल मिटण्याचे कारण तिथेच आहे. मग दिवसा अर्धा तास मासे बघा. बटरफ्लाय आणि अँजेल उघडपणे चोची मारतात. ॲक्रोपोरावर फिकट गोल डाग दिसले तर चपटे किडे, माँटीपोरा कोरल बुंध्याकडून पांढरा पडला तर न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय. हे खेकड्याच्या खात्यात टाकायचे नाही.

एमराल्डसारखा शेवाळखाऊ खेकडा पॉलिप धरताना दिसला तर तो बहुधा भुकेला आहे. टाकीतले शेवाळ संपलेले असते. आठवडाभर एक दिवसाआड वाळलेल्या समुद्री शेवाळाचा नखाएवढा तुकडा त्याच्या बिळापाशी खोचा. नुकसान थांबले तर काढायची गरज नाही.

तपासणी 4: काचेचा पेला

सरळ भिंतींचा, गुळगुळीत, उंच पेला घ्या. साबणाचा अंशही नसलेला आणि यापुढे फक्त याच कामाचा. अंगठ्याच्या नखाएवढा सालासकट कोळंबीचा तुकडा छोट्या दगडाला दोऱ्याने बांधून तळाशी टाका, म्हणजे प्रवाहाने तो उचलला जात नाही. दिवे मालवल्यावर पेला बिळाजवळ साधारण 45 अंशांत तिरका ठेवा, वरची कड खडकाला टेकलेली. खेकडा खडबडीत दगडावरून चालत कडेवर येतो, वासाने आत घसरतो आणि काचेवर पाय रोवता येत नाहीत म्हणून तिथेच राहतो. सगळी करामत या दोन पृष्ठभागांच्या फरकात आहे. म्हणून कड दगडाला टेकलेली नसेल तर तो येणार नाही, आणि काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसला असेल किंवा पेला फार आडवा असेल तर आलेला चालत निघून जाईल.

दोन तासांनी एकदा, आणि दिवे लागायच्या आधी एकदा बघा. सकाळी आमिष बाहेर. रात्रभर आणि वर दिवसभर कुजत ठेवलेला तुकडा छोट्या टाकीत अमोनिया वाढवतो. चुकून अडकलेला गोबी किंवा श्रिंपही यामुळेच वाचतो.

पेला रिकामा आणि आमिष गायब, हे नेहमीचे रडगाणे. हर्मिट खेकडे, ब्रिसल वर्म आणि ब्रिटल स्टार आधी येऊन खाऊन जातात. आमिष बारीक जाळीच्या पुरचुंडीत बांधा. वास सुटतो, घास तुटत नाही. आदल्या दिवशी माशांचे खाणे अर्धे करा, पोट भरलेला खेकडा धोका पत्करत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवलेला सापळाही चालतो. तोंड खेकड्याच्या दीडपट रुंद ठेवा आणि वास सुटायला पाडलेली भोके 3 मिलिमीटरपेक्षा लहान. पाच रात्रींत काही आले नाही तर जागा बदला किंवा पुढे चला. खेकडा कात टाकायच्या आधी आणि नंतर काही दिवस खातच नाही, हेही ध्यानात असू द्या. कात सापडली की आठवडाभर थांबून पेला लावलेला बरा.

तपासणी 5: काडी आणि चिमटा

25 ते 30 सेंटिमीटर लांबीचा चिमटा आणि दोन बांबूच्या काड्या. एका काडीवर आमिष खोचून खेकड्याला हळूहळू बिळापासून लांब आणा, हातभर नाही, चार-पाच सेंटिमीटर पुरे. दुसरी काडी मागून आणून बिळाच्या तोंडात उभी करा. परतीची वाट बंद झाली की तो गोंधळतो. तेवढ्यात मागच्या बाजूने कवच धरा. पाय किंवा नांगी धरली तर ती तुमच्या चिमट्यात राहील आणि खेकडा आत. त्यांच्या पायाच्या मुळाशी तुटण्याची ठरलेली जागाच असते, तिथून तो स्वतःहून पाय सोडतो आणि पुढच्या काही कातींत परत उगवतो. चिमट्यात नांगी आली म्हणजे खेकडा आला नाही, फक्त सावध झाला.

बिळात शिरलेल्या खेकड्याला तार किंवा सुरी खुपसू नका. तो पाय फाकवून भोकात असा घट्ट बसतो की ओढून निघत नाही, आणि आत चिरडला तर कुजत राहतो. भोक इपॉक्सीने बुजवण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. सच्छिद्र दगडात तो दुसरीकडून निघतो, नाहीतर आत मरतो. दोन्ही वाईटच.

तपासणी 6: दगड बाहेर

बीळ नक्की माहीत असेल, दगड सुटा असेल आणि एका माणसाला उचलता येत असेल तरच. हीटर आणि सगळे पंप बंद करून पंधरा मिनिटे थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो. हातात लांब मोजे, डोळ्यांवर बंद चष्मा. एका बादलीत टाकीचेच पाणी, दुसरी रिकामी, हाताशी बारीक जाळी.

दगडावर झोअँथस किंवा त्याचा भाऊबंद पॅलिथोआ आहे का ते आधी बघा. यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन असते. हे विष 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून पहिल्यांदा वेगळे केले गेले, आणि ज्ञात विषांत ते अत्यंत जहाल मानले जाते. असा दगड घासायचा नाही, ब्रश मारायचा नाही, कोमट-गरम पाणी ओतायचे नाही, आणि उकळायचा तर मुळीच नाही. उकळत्या वाफेतून, उडणाऱ्या तुषारांतून ते श्वासात जाते. अलास्कामध्ये 2012 ते 2014 या काळात घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानांत अशा कोरलमुळे झालेल्या संशयित विषबाधांची नोंद झालेली आहे.

दगड पाण्याखाली असतानाच त्याच्या खाली जाळी धरा आणि मग एका दमात सरळ वर उचला. पाणी भोकातून निथळू लागले की पुष्कळ खेकडे त्याच धारेबरोबर खाली पडतात. जाळी नसेल तर ते परत टाकीत, आणि यावेळी कुठल्या दगडात गेले ते तुम्हाला माहीत नाही. मग भोक खाली करून दगड पाच-दहा मिनिटे रिकाम्या बादलीवर धरा.

नाहीच आला तर साधा सोडा, म्हणजे साखर, मीठ, स्वाद काहीही नसलेले कार्बन डायऑक्साइडचे पाणी. सिरिंजला मऊ नळी लावून भोक वरच्या बाजूला ठेवत 10 ते 20 मिलिलिटर आत सोडा आणि दगड लगेच उलटा करा. त्या पाण्यात आत राहणे खेकड्याला असह्य होते आणि तो सहसा मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर पडतो. मागचे दुसरे तोंड शोधून ठेवले होते ते यासाठी: ते ओल्या कापडाने दाबून धरा. नंतर भोक टाकीच्या पाण्याने दोनदा धुवा, ते पाणी फेकून द्या. हे टाकीच्या आत करायचे नाही. पीएच खाली येतो आणि शेजारचे कोरल भाजते.

कोरल नसलेल्या दगडासाठी जास्त खारट पाण्याचा उपाय आहे. टाकीचे 10 लिटर पाणी, त्यात सुमारे 150 ते 170 ग्रॅम समुद्री मीठ तासभर आधी पूर्ण विरघळवून 50 पीपीटीच्या आसपास आणायचे, तापमान टाकीइतकेच. एक-दोन मिनिटे बुडवले की खेकडे, मँटिस, सगळे बाहेर धावतात. जास्त वेळ ठेवाल तर दगडातले किडे आणि स्पंज मरतील आणि टाकीत परत गेल्यावर तेच कुजतील. गोड्या पाण्यात बुडवल्याने हे नुकसान आणखी मोठे होते, म्हणून तो मार्ग शेवटचा. दगड परत घातल्यावर तीन दिवस रोज अमोनिया मोजा. 20 टक्के बदलायचे पाणी तयार असू द्या आणि पाणी शुद्ध करणारा सक्रिय कार्बन चालू ठेवा.

ॲक्रोपोराच्या फांद्यांतला सिमो असेल तर वसाहत टाकीच्या पाण्याच्या भांड्यात काढा, बास्टरने, म्हणजे रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरने, जोरात पाणी मारा आणि बारीक काडीने मागून ढकला. कोरल डिप, म्हणजे उपद्रवी जीव काढायला कोरल बुडवायचे औषध, वापरायचा तर बाटलीवरच्या प्रमाणाबाहेर जाऊ नका, आणि त्याच वसाहतीत ट्रॅपेझिया असेल तर त्याला आधी बाहेर काढा. डिपला मित्र-शत्रू कळत नाही.

पकडलेल्याचे काय करायचे

झाकण घट्ट असलेली वेगळी छोटी टाकी, किंवा संपमधला, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतला, शेवाळाचा कप्पा. पंपाच्या तोंडाला 3 मिलिमीटरची जाळी लावलेली असेल तर. वायरीवरून चढून ते बाहेर येतात, फट ठेवू नका. समुद्रात, खाडीत कधीही सोडायचा नाही. कार्सिनस मीनस हा युरोपातला हिरवा खेकडा परक्या किनाऱ्यांवर पसरून जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत जाऊन बसला आहे.

इथे थांबा

दगड सिमेंटने किंवा इपॉक्सीने जोडलेले असतील, किंवा खालचा दगड काढल्यावर वरची रास काचेवर येणार असेल, तर स्वतः उपसू नका. टाकीची देखभाल करणारा अनुभवी माणूस बोलवा. तीनदा दगड काढूनही खेकडा आला नसेल तरीही तेच, कारण चौथ्यांदा उपसताना नुकसान खेकड्यापेक्षा तुमच्या हातून जास्त होईल. अमोनिया दिसू लागला आणि पाणी बदलूनही उतरत नसेल तर त्याच दिवशी मदत घ्या.

पाण्यात हात घालताना झिणझिणी आली तर हात काढा, मुख्य स्विच कोरड्या हाताने बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत टाकीला शिवू नका.

पॅलिथोआचा दगड हाताळल्यावर तोंडात धातूसारखी चव, खोकला, दम लागणे, थंडी-ताप, स्नायू दुखणे, यातले काही जाणवले तर खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि थेट रुग्णालय गाठा. डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगा. डोळ्यात तुषार गेला तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि तसेच निघा. हाताला कापून काही आठवड्यांनी न भरणारी गाठ आली तर डॉक्टरांना घरात मत्स्यालय आहे हे आवर्जून सांगा. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू 30 ते 32 अंशांना वाढतो. प्रयोगशाळेला नेहमीच्या 37 अंशांवर तो सापडत नाही.

औषध टाकून खेकडा मारायचा विचार आला तर तोही इथेच थांबवा. तांबे श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळ्यांना मारते आणि दगडात मुरून पुढे त्रास देत राहते. मिल्बेमायसिनसारखी औषधे पशुवैद्याशिवाय वापरायची नाहीत. त्यांनी खेकडा मरतो तसे कोपेपॉड हे बारीक कवचधारी जीवही मरतात, आणि बिळात मेलेला खेकडा काढणार कोण?

परत परत का येतो

पोटाखाली अंड्यांचा घोस घेतलेली मादी दिसली की टाकीभर खेकडे होणार अशी धास्ती वाटते. तसे होत नाही. अंड्यांतून निघालेली पिल्ले आधी झोइया, मग मेगालोपा या अवस्थांत पाण्यात तरंगतात. पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र), मासे आणि कोरल यांच्यातून जवळपास एकही तग धरत नाही. टाकीतले खेकडे म्हणजे बाहेरून आलेले तेवढेच.

मग 'नवा' कुठून येतो? नव्या दगडात दोन-तीन मिलिमीटरची पिल्ले असतात, ती दिसत नाहीत. कात टाकत टाकत चार-सहा महिन्यांत ती दिसण्याजोगी होतात. म्हणून तारीख लिहिलेल्या त्या काती जपायच्या. एकाच आठवड्यात 11 आणि 19 मिलिमीटरच्या दोन काती सापडल्या तर खेकडे दोन आहेत, आणि एक काढल्यावर काम संपलेले नाही. एक काढल्यानंतरही महिनाभर आठवड्यातून एकदा लाल टॉर्च घेऊन बसा.

नवा लाइव्ह रॉक हीटर आणि पंप लावलेल्या वेगळ्या टबात चार ते सहा आठवडे ठेवा आणि त्यातच दर तीन-चार रात्रींनी पेला लावा. टबात सपाट तळ आणि मोजके दगड असल्याने मुख्य टाकीत महिना घेणारे काम तिथे दोन रात्रींत होते. फ्रॅग आला तर तो ज्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटून आला त्यावरून काढून नव्या प्लगवर चिकटवा. जुना प्लग उलटा करून देठाच्या आतल्या पोकळीत टॉर्च मारा. नखाएवढा केसाळ खेकडा पुष्कळदा तिथेच बसलेला असतो, डोळे बाहेरच्या बाजूला, नांग्या छातीशी घेऊन.